छोट्या रिव्हॉल्व्हरची मूठ निवडताना आणि घडवताना

छोटं रिव्हॉल्व्हर घेतलेल्या मैत्रिणी मला हमखास विचारतात, “हाताला फार लागतं गं, मूठ बदलू का?” बहुतेक वेळा माझं उत्तर ‘हो’ असतं. कोणती मूठ घ्यायची, हे मात्र तुमचा हात आणि ते बाळगायची जागा ठरवते.

मी टेक्सासमध्ये राहते. हात लहान आहे आणि जवळ स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६४२ आहे: पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशल जातीच्या काडतुसाचं, वजनाने अर्ध्या किलोहून कमी. १९५० च्या ‘चीफ्स स्पेशल’पासून सुरू झालेल्या जे-फ्रेम, म्हणजे कंपनीच्या छोट्या सांगाड्याच्या, घराण्यातलं हे. अंग हलकं, म्हणून धक्का सगळा तळहातावर येतो.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर मोजके अपवाद सोडता अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगणंच गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असेल तर हा अडसर नाही.

मुठीला हात लावण्याआधी सिलिंडर उघडा, काडतुसं काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. पाचही भोकं डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा.

आता रिव्हॉल्व्हर नेहमीसारखं धरा, नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत ठेवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात बसतंय का? पोचत नसेल तर तुम्ही नकळत मूठ हातात फिरवून घेता आणि धक्का अंगठ्याच्या सांध्यावर जातो. लहान हाताला म्हणूनच मागची धातूची पट्टी उघडी ठेवणारी मूठ घ्यावी. मोठ्या हाताला उलट: मागची बाजू झाकणारी रबरी मूठ बोटाला अंतर देते आणि धक्काही शोषते. पॅकमायर आणि होग या कंपन्यांच्या अशा मुठी सहज मिळतात. दुकानदार प्रत्येकाला रबरीच सुचवतात. लहान हाताच्या बाईने ते लगेच ऐकू नये.

मग मधलं बोट बघा. जुन्या पद्धतीच्या लाकडी मुठीत ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या धातूच्या कड्याच्या, मागे पोकळी राहते, आणि गोळी सुटली की गार्ड बोटाच्या सांध्यावर आपटतो. टायलर टी-ग्रिप नावाचा छोटा धातूचा तुकडा ती पोकळी भरतो. मला हा उपाय फार आवडतो, कारण मूळ मूठ तशीच राहते.

बाळगायची जागाही बघायला हवी. खिशात रबर कापडाला धरून राहतं. गुळगुळीत लाकूड सरकतं. कमरेला कुर्त्याखाली नळी दिसत नाही, मुठीचा खालचा कोपराच उठून दिसतो. क्रेग स्पेगेल यांनी घडवलेली ‘बूट ग्रिप’ तो कोपरा आखूड करते, करंगळी खाली दुमडावी लागते. कमरपट्ट्यात अडकवायची आकड्याची मूठही मिळते, पण होल्स्टरशिवाय, म्हणजे म्यानाशिवाय, ट्रिगर उघडा राहतो, म्हणून मी ती सुचवत नाही.

लाकडी मूठ घेतलीत तर ती घरी हाताला बसवता येते. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारंच टोक वापरा. स्क्रू थोडे फेरे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने हलकेच ठोका. पलीकडची बाजू आपोआप उचलली जाते. फटीत पातं घालून उचकटलंत तर लाकडाची कड गेलीच.

सगळ्यात महत्त्वाची जागा मुठीच्या डाव्या बाजूला वर आहे. स्पीडलोडरमध्ये (पाचही गोळ्या एकदम भरायचं साधन) स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची नकली काडतुसं, भरून तो उघड्या सिलिंडरला लावा. जिथे लाकडाला अडतो तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तेवढंच झिजवा. रिकाम्या पुंगळ्याही तिथेच अडकतात. आधी २२० नंबरचा सँडपेपर, मग ३२०, शेवटी ४००. पुनःपुन्हा लावून बघा. धातूला टेकणाऱ्या कडेला पेपर लावू नका, तिथे पडलेली फट भरून निघत नाही. बाजारातल्या अनेक मुठी कोकोबोलोच्या असतात. ते लाकूड आपल्या शिसवीचंच भावंड आहे, त्याच्या धुळीची अनेकांना ॲलर्जी होते. मास्क लावाच.

शेवटी जवसाच्या किंवा टंग तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकलीत तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळी पसरून वाळवा.

मूठ बसवल्यावर रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर सावकाश ओढून बघा. आत स्प्रिंग लाकडाला घासत असेल तर ते हाताला कळतं. स्क्रू घट्ट करा, पण पिळू नका, लाकूड तडकतं. रेंजवर काही गोळ्या झाडल्यावर तो सैल होतोच. तिथेच पुन्हा तपासा.