शिक्षकाला शिकवता येत नाही, ही तक्रार परिषदेकडे कशी न्यावी

पालक येतात आणि म्हणतात, "त्या सरांना काही येत नाही हो, तेवढा अर्ज लिहून द्या." मी आधी वही मागते. मी स्वतः गणित शिकवलंय. शिक्षक कसा आहे हे मुलाच्या गुणांपेक्षा तपासलेल्या वहीत जास्त दिसतं. गुण कमी पडायला शंभर कारणं असतात.

पण त्याही आधी पाहायचं ते हे, की तुम्ही जिथे निघालात ती परिषद, म्हणजे शिक्षकांची नोंदणी किंवा शिस्त पाहणारी संस्था, असली तक्रार घेते का. इंग्लंडमधली टीचिंग रेग्युलेशन एजन्सी फक्त गंभीर गैरवर्तनाची प्रकरणं बघते. शिकवणं कच्चं असेल तर ते शाळेनेच निस्तरायचं. शेजारच्या वेल्समध्ये मात्र एज्युकेशन वर्कफोर्स कौन्सिल गंभीर अकार्यक्षमतेचीही चौकशी करते. कॅनडातल्या ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्सच्या 1996 च्या कायद्यात तर अकार्यक्षमतेची व्याख्याच आहे: ज्ञान, कौशल्य किंवा तारतम्य कमी पडणं, किंवा विद्यार्थ्याच्या हिताकडे दुर्लक्ष, आणि तेही इतकं की तो माणूस या कामावर राहू नये किंवा त्याच्या प्रमाणपत्रावर अटी घालाव्यात. (नावात कॉलेज असलं तरी तिथे शिकायला कुणी जात नाही, शिक्षकांची नोंदणी करणारी ती संस्था आहे.) भारतातली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद पात्रतेचे निकष ठरवते, पण एकेका शिक्षकाची नोंदणी ठेवणं किंवा काढून घेणं हे तिचं काम नाही.

म्हणजे एखादा तास फसला, एखादा धडा राहून गेला, बाई रागीट आहेत, एवढ्यावर काही होत नाही. चूक पुन्हा पुन्हा होतेय, सांगून आणि मदत देऊनही सुधारत नाही, हे दिसायला हवं. मारहाण, लैंगिक त्रास, दारू पिऊन वर्गात येणं ही प्रकरणं वेगळी. तिथे वह्या जमवत बसू नका, त्याच दिवशी शाळेला आणि गरज पडल्यास पोलिसांना कळवा.

आता वही. एका मुलीच्या वहीत मी पाहिलं होतं: 3/4 + 1/4 = 4/8, आणि समोर लाल शाईने बरोबरची खूण. एकदा झालं तर नजरचूक. पण पुढच्या पानांवरही छेदांची तशीच बेरीज आणि तशीच खूण होती. त्याच चाचणीत बरोबर उत्तर लिहिलेल्या दुसऱ्या मुलाला काट मिळाली होती. हा पुरावा. "शिक्षकांना अपूर्णांक येत नाहीत" हे तुमचं मत झालं. ते परिषदेला ठरवू द्या. तुम्ही फक्त तारीख, पान आणि काय लिहिलंय ते मांडा. पानांचे फोटो काढा, मूळ वही घरी ठेवा. दुसऱ्या मुलाची वही त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय जोडू नका. वर्गात चोरून रेकॉर्डिंग तर मुळीच नको, त्यात उलट तुम्हीच अडकाल.

मग शाळा. हा टप्पा लोकांना टाळायचा असतो, आणि नेमका तोच टाळता येत नाही. आयर्लंड असो की न्यूझीलंड, तक्रार आधी शाळेत मांडलीत का हे परिषद बहुतेक वेळा विचारतेच. मुख्याध्यापकांना तोंडी भेटा, पण त्याच संध्याकाळी ईमेल टाका: आज आपण या मुद्द्यांवर बोललो, आपण असं म्हणालात. शिक्षकाला काय मदत दिली, तास कोणी पाहिले, हे विचारा. शिक्षकाच्या खासगी बाबी आहेत म्हणून सगळं सांगणार नाहीत. तुम्ही विचारल्याची नोंद तरी होते. उत्तर आलं नाही तर शाळेच्या व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार करा.

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र एक अक्षर लिहू नका. तिथे सगळे "हो ना, आमच्याही मुलाला" म्हणतात आणि सही करायच्या वेळी एकही जण सापडत नाही. वर बदनामीचा आरोप येतो तो वेगळाच.

अर्ज दोन-तीन पानांत बसवा. शिक्षकाचं नाव, शाळा, इयत्ता, विषय, कालावधी. मग तारखेनुसार घटना. मग शाळेला कधी कळवलं आणि काय उत्तर आलं. प्रत्येक घटनेपुढे जोडपत्राचा क्रमांक. "बेजबाबदार", "मूर्ख", "मुलांचं आयुष्य उद्ध्वस्त केलं" असे शब्द मी सरळ खोडते. रागावलेला अर्ज वाचणाऱ्याला आधी राग दिसतो, मग मजकूर. निनावी पाठवायचा विचारही सोडा. तक्रार पुढे गेली की ती शिक्षकाला दाखवली जाते आणि त्याला उत्तर द्यायची संधी मिळते. तसं व्हायलाच हवं, त्याची रोजीरोटी पणाला लागलेली असते.

परिषद मुलाचे गुण बदलून देत नाही, वर्ग बदलून देत नाही, भरपाई देत नाही. आरोप सिद्ध झाले तर शिक्षकाला पुन्हा प्रशिक्षण घ्यायला लावणं, नोंदणीवर अटी घालणं, नोंदणी काही काळ थांबवणं किंवा रद्द करणं, एवढंच तिच्या हातात. त्यालाही इतका वेळ लागतो की मूल तोवर पुढच्या वर्गात गेलेलं असतं. तेव्हा अपूर्णांक घरी शिकवायला आजच बसा, निकालाची वाट पाहू नका.

पोच आणि प्रकरण क्रमांक जपून ठेवा. शिक्षकाचं उत्तर तुमच्याकडे अभिप्रायासाठी आलं, तर त्यातल्या मुद्द्यांपुरतंच लिहा आणि नवी तक्रार त्यात घुसडू नका.