प्रोबायोटिक घेताय? आधी डबी उलटी करा

कोथरूडला माझं मेडिकलचं दुकान आहे. प्रोबायोटिक म्हणजे पोटासाठी घ्यायचे उपयोगी जिवंत सूक्ष्मजीव. काउंटरवरचं वाक्य ठरलेलं असतं: "काका, एखादं चांगलं प्रोबायोटिक द्या, मला पोटाचं पथ्य चालू आहे." कुठलं पथ्य, हे सांगायच्या आत हात पाकिटाकडे गेलेला असतो. माझं पहिलं म्हणणं एवढंच, की पथ्याचं नाव सांगा.

लो-फॉडमॅप, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं टाळायचं पथ्य असेल तर कांदा, लसूण, गहू, राजमा बंद, पण भात चालतो. एससीडी, म्हणजे स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट असेल तर कांदा चालतो. भात, बटाटा, साबुदाणा, साखर बंद. (चतुर्थीला काय खायचं, हा प्रश्न मला विचारू नका.) त्यामुळे जावेला मानवलेली कॅप्सूल तुम्हाला चालेलच असं नाही.

आता डबी उलटी करा. पुढे मोठ्या अक्षरात किती अब्ज जिवाणू ते छापलेलं असतं. आपलं काम मागच्या बारीक अक्षरांत. एससीडीवाल्या एक बाई सॅशे घेऊन आल्या होत्या. पथ्य काटेकोर, तरी पोट फुगलेलंच. आंब्याच्या स्वादाचं सॅशे होतं. घटकांत पहिलं माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी), दुसरं फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (आपल्याला न पचणारं, जिवाणूंचं खाद्य), आणि जिवाणू पार शेवटी. खाद्यपदार्थांच्या लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, म्हणजे बाई मुख्यतः भरावच खात होत्या.

तर शोधायचं काय? फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (एफओएस) आणि त्याचाच भाऊबंद इन्युलिन दोन्ही पथ्यांत नको. 'प्रीबायोटिकयुक्त' असं कौतुकानं छापतात ते बहुधा हेच. माल्टोडेक्स्ट्रिन आणि मक्याचा स्टार्च एससीडीला बाद, लो-फॉडमॅपला चालतात. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल हे गोडी आणणारे घटक दोन्हीकडे नको. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तीही टाळाच. शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका बघा, कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं.

इथे एक गोम आहे. पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेची सरकारी संस्था) १४ आकडी परवाना क्रमांक असेल तर घटकांची यादी सापडते. तेच औषध म्हणून विकलं जात असेल तर पुष्कळदा नुसतं 'एक्सिपियंट्स क्यू.एस.' लिहिलेलं असतं, म्हणजे भराव पुरेसा घातलाय, कशाचा ते विचारू नका. अशा वेळी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. दुकानदाराच्या "काही नसतं हो त्यात"वर जाऊ नका. माझ्यासुद्धा.

जिवाणूचं नाव पूर्ण हवं: कूळ, जात आणि शेवटी स्ट्रेनची, म्हणजे त्या जातीतल्या नेमक्या वाणाची, खूण, उदाहरणार्थ लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी. गुण स्ट्रेनचा असतो, नुसत्या 'लॅक्टोबॅसिलस'वरून काहीच कळत नाही. २०२० मध्ये या कुळाची फोड झाली, म्हणून हाच जिवाणू कुठे लॅक्टिकेसीबॅसिलस म्हणून दिसेल, गोंधळू नका. एससीडीवाले बायफिडोबॅक्टेरियम टाळतात. त्याला भक्कम पुरावा नाही, पण तो त्या पथ्याचा नियम आहे. लो-फॉडमॅपमध्ये मात्र पोटातले हेच जिवाणू कमी होतात, तेव्हा तिथे ते असलेले बरे.

आकड्यांच्या मागे फार धावू नका. आपल्याकडच्या नियमानुसार दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू लागतात. हा आकडा 'एक्सपायरीपर्यंत' आहे की 'उत्पादनाच्या वेळी', ते तेवढं बघा. फ्रिजमध्ये ठेवायचं उत्पादन एप्रिल-मेच्या उन्हात ऑनलाइन मागवू नका. डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत पुण्याचा चाळीस अंशांचा पारा त्याला सोसत नाही. गुरुवारी लाइट जाते तेव्हा दुकानाच्या फ्रिजला बॅकअप आहे का, हेही विचारावं. बीजाणूवाले (कठीण कवचात सुप्त राहणारे) प्रकार उष्णता चांगली सोसतात. बॅसिलस क्लॉसीची ५ मिलीची कुपी पाण्यातली असते, त्यात साखर-स्टार्चची भानगड बहुधा नसते.

घरचं दही विसरू नका. एससीडीत २४ तास लावलेलं दही चालतं, कारण तेवढ्या वेळात लॅक्टोज जवळजवळ संपतं. दूध उकळून चाळीस अंशांच्या आसपास आणायचं आणि तेवढीच ऊब पूर्ण वेळ टिकवायची. डिसेंबरात ओट्यावर झाकून ठेवलेलं भांडं पहाटेपर्यंत गार पडतं. योगर्ट मेकर घ्या.

केमो चालू असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका. सॅकरोमायसिस बूलार्डी हे यीस्ट अशा रुग्णांच्या रक्तात उतरल्याची उदाहरणं आहेत. शौचातून रक्त, वजन घटणं, ताप असेल तर माझ्याकडे येऊच नका, पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

पथ्य आणि प्रोबायोटिक एकाच सोमवारी सुरू करू नका, नाहीतर फरक कशानं पडला ते कळायचं नाही. आधी पथ्य बसू द्या. मग एकच उत्पादन, कॅप्सूल उघडता येत असेल तर अर्धी, गार किंवा कोमट पाण्यातून. गरम पेजेत घातलीत तर पैसे पाण्यात. कॅलेंडरवर रोज पोटफुगी आणि शौचाची नोंद ठेवा. पहिले काही दिवस गॅस थोडा वाढू शकतो. चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर बंद करा, आणि "मग यापेक्षा स्ट्राँग द्या" म्हणत परत येऊ नका.