मऊ ऊतींच्या संगणकीय प्रतिकृतीत छेद कसा घ्यावा

शस्त्रक्रियेच्या सिम्युलेटरमध्ये ऊती दाबणे किंवा ताणणे तुलनेने सोपे असते, कारण ऊती ज्या लहान घटकांच्या जाळीने दाखवतात तिचे बिंदू (नोड) हलले तरी त्यांची जोडणी तीच राहते. सुरी फिरली की ही जोडणीच बदलते. उदाहरणासाठी यकृतासारखा, 5 सेंमी बाजूचा ठोकळा घेऊ. त्याचे 5 मिमीचे 1000 घन पाडून प्रत्येक घनाचे पाच चतुष्फलक (चार त्रिकोणी पृष्ठांचे घटक) केले, तर 5000 घटक आणि 1331 नोड मिळतात. यंगचा मापांक (ताठरपणाचे माप) 5 किलोपास्कल, घनता पाण्याइतकी आणि पॉयसन गुणोत्तर (ताणल्यावर आडवे आकुंचन किती होते याचे माप) 0.45 ठेवावे, ते 0.5 च्या फार जवळ नेल्यास साधे चतुष्फलक खोटा ताठरपणा दाखवू लागतात.

प्रथम सुरीचा मार्ग ठरवावा. लागोपाठच्या दोन क्षणांमधील पात्याच्या धारेच्या स्थिती जोडल्या की दोन त्रिकोणांची एक पट्टी तयार होते. ती जाळीच्या कोणकोणत्या कडांना छेदते हे विरूपित (दबलेल्या किंवा ताणलेल्या) स्थितीतच तपासावे. मात्र छेदबिंदूचे निर्देशांक जसेच्या तसे न साठवता त्याने कड कोणत्या प्रमाणात विभागली तेवढेच नोंदवावे आणि ते प्रमाण मूळ आकारातील कडेला लावावे, कारण अंतर्गत बळे मूळ आकाराच्या तुलनेत मोजली जातात. नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते, आणि मग छेद घेताक्षणी ऊती विनाकारण उसळते. शिवाय पाते टेकताच छेद देऊ नये. ऊती आधी दबावी आणि बळाने ठरावीक मर्यादा ओलांडल्यावरच फाटावी.

एखाद्या प्रतलाने चतुष्फलक पूर्ण कापला आणि ते कोणत्याही नोडमधून गेले नाही, तर दोनच शक्यता उरतात: तीन कडा कापल्या जाऊन एक नोड वेगळा पडतो, किंवा चार कडा कापल्या जाऊन नोड दोन-दोन असे वाटले जातात. कापलेले घटक सरळ काढून टाकले तर वस्तुमान घटते आणि छेदाची कड दातेरी दिसते. घटकांचे उपविभाजन केले तर छेद नेमका येतो, पण चपटे, पापुद्र्यासारखे घटक तयार होतात, आणि त्यांची किंमत मोठी असते. आपल्या ठोकळ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 4.4 मीटर येतो. घनाच्या कोपऱ्यातील घटकाची लहानात लहान उंची 2.9 मिमी असल्याने एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढची स्थिती थेट आताच्या स्थितीवरून काढणाऱ्या) सुमारे 0.6 मिलिसेकंदाचा टाइमस्टेप, म्हणजे गणनेचा एक कालखंड, चालतो, कारण तेवढ्या वेळात ध्वनीने घटक ओलांडून जाता कामा नये. एकाच घटकाची उंची 0.05 मिमी झाली की तो 0.01 मिलिसेकंदावर घसरतो. हाताला स्पर्शाची जाणीव देणाऱ्या हॅप्टिक उपकरणाला सेकंदाला सुमारे 1000 वेळा उत्तर हवे असते, तेव्हा हे परवडणारे नाही.

म्हणून मी मोलिनो, बाओ आणि फेडकिव यांनी 2004 मध्ये मांडलेली आभासी नोडची पद्धत निवडेन. तीत घटक तोडायचा नसतो. त्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी संपूर्ण चतुष्फलकाची एक प्रत करायची, आणि तुकड्यात न येणाऱ्या कोपऱ्यांवर आभासी नोड बसवायचे. शेजारच्या दोन प्रतींचे तुकडे सामाईक पृष्ठावर खरोखर जोडलेले असतील, तरच त्यांचे नोड एकत्र करावेत. या कामाला युनियन-फाइंड (जोडलेल्या गोष्टींचे गट करणारी रीत) पुरते. प्रतीचे वस्तुमान आणि ताठरता तुकड्याच्या आकारमानाच्या प्रमाणात, दोन्ही सारखीच कमी करावीत, म्हणजे टाइमस्टेप आक्रसत नाही. पडद्यावर दिसणारा छेदाचा पृष्ठभाग या प्रतींमध्ये बसवलेल्या वेगळ्या त्रिकोणांनी रंगवावा. मर्यादा एकच जाणवते: मूळ पद्धतीत प्रत्येक तुकड्यात निदान एक खरा नोड लागतो, त्यामुळे एकाच घटकात वारंवार बारीक छेद घेता येत नाहीत.

एवढे करूनही जखम उघडली नाही, तर दोष बहुधा छेदाचा नसतो. शरीरातील ऊती मुळातच ताणलेली असते. त्वचेतील या ताणाच्या दिशा कार्ल लँगर यांनी 1861 मध्येच नोंदवल्या होत्या. आपला ठोकळा मात्र संगणकात निवांत पडलेला असतो. तेव्हा त्याची समोरासमोरची दोन टोके थोडी ताणून बांधावीत आणि मगच सुरी चालवावी. त्यानंतर दोन गोष्टी तपासाव्यात: छेदापूर्वीचे आणि नंतरचे एकूण वस्तुमान सारखे आहे ना, आणि आरपार छेदानंतर जाळीचे बरोबर दोनच सलग भाग उरले आहेत ना. तिसरा भाग सापडला, तर पात्याची पट्टी बहुतेक वेळा एखाद्या नोडमधून गेलेली असते. अशा वेळी छेदबिंदू कडेवर किंचित सरकवून पुन्हा चालवून पाहावे.