४२२००१ ला कशाकशाने भाग जातो? मोठी संख्या हाताने फोडण्याची रीत

कुरिअरच्या पाकिटावर ४२२००१ हा पिनकोड नाशिककरांनी शेकडो वेळा लिहिला असेल. या संख्येचे अवयव कागद-पेन्सिल घेऊन काढता येतात, आणि हीच रीत कुठल्याही मोठ्या संख्येला चालते.

आधी शेवटचा अंक पाहा. १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. मग अंकांची बेरीज करा: ४+२+२+०+०+१ = ९. बेरजेला ९ ने भाग गेला की संख्येलाही जातो, कारण १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की दर वेळी १ च उरतो. ४२२००१ ÷ ९ = ४६८८९.

इथे जरा थांबा. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या. हे नाव दिलं गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक होते. त्यांच्या नाशिकचा पिनकोड हर्षद निघाला, तेव्हा मी हातातलं काम टाकून घरात सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

आता ४६८८९. बेरीज ३५, म्हणजे ३ जात नाही. ७, ११ आणि १३ यांच्यासाठी एकच कसोटी पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि वजाबाकी करा: ८८९ − ४६ = ८४३. त्याला ७ ने भागून ३ उरतात, ११ ने ७, १३ ने ११. तिघेही बाद. (गट दोनापेक्षा जास्त असले तर एकाआड एक अधिक-वजा करायचं.)

पुढचं काम चिकाटीचं. २१७ × २१७ = ४७०८९, म्हणजे ४६८८९ च्या पुढे. संख्येचे दोन भाग पडणार असतील तर त्यातला एक २१७ पेक्षा लहान असणारच. म्हणून १७ पासून २११ पर्यंतच्या ४१ मूळ संख्यांनी भागून पाहायचं. प्रत्येक बाकी लिहून ठेवा, नाहीतर मध्येच कोणी हाक मारली की पुन्हा १७ पासून सुरुवात. १९७ ला मला वाटलं, सापडला! १९७ × २३८ = ४६८८६. तीन उरले. कशानेच भाग जात नाही. ४६८८९ मूळ संख्या आहे.

म्हणून ४२२००१ = ३² × ४६८८९. विभाजक मोजायचे तर घातांकांत एकेक मिळवून गुणा: ३ × २ = ६.

त्र्यंबकेश्वरचा ४२२२१२ मात्र भराभर फुटतो. शेवटी १२, म्हणजे ४ ने भाग जातो. ४२२ − २१२ = २१०, म्हणजे ७ नेही. २८ ने भागून उरतात १५०७९, त्याला लगेच १७ लागतो आणि ८८७ ही मूळ संख्या मिळते. २² × ७ × १७ × ८८७: विभाजक तब्बल २४. पण अंकांची बेरीज १३, आणि २१० ला १३ ने भाग जात नाही. त्र्यंबक हर्षद नाही.