होडीच्या नांगराने खरवडलेला कातळ दुरुस्त करताय? या चुका टाळा

सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, खडपावर (किनाऱ्यावरच्या कातळावर) उतरलं की नांगराची जखम लगेच ओळखू येते. कालवांच्या काळपट थरात मध्येच एक पांढुरका, खरवडलेला पट्टा दिसतो. जांभा, म्हणजे कोकणातला लाल दगड, असेल तर विटेसारखा लाल खळगा. मग कुणीतरी सिमेंटची गोणी आणतो. सगळ्यात मोठी चूक तीच.

ओलं सिमेंट भयंकर क्षारीय असतं. शेजारच्या डबक्यातल्या जिवांना ते सोसत नाही, आणि त्यातलं बरंच पहिल्या भरतीतच धुऊन जातं. उरलेल्याचं जांभ्याशी पटत नाही. जांभा मऊ, जाळीदार, ठिगळ टणक. आमच्या खडपावर एका हौशी माणसाने असं ठिगळ घातलं होतं. काही पावसाळ्यांनी ठिगळ शाबूत आणि भोवतीचा जांभा झिजलेला, अगदी अळंब्यासारखं! शिवाय भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बांधकामाला सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम लागतात, ते वेगळंच.

होडी बांधायला कातळात लोखंडी कडी ठोकू नका. लोखंड गंजलं की फुगतं आणि कातळ आतून फोडतं.

नांगराने उलटलेले धोंडे मात्र जरूर परत ठेवा, पण बाजू बघून. शेवाळ आणि खडबडीत शिंपल्यांची बाजू वर, मऊ स्पंजाची आणि अंड्यांची खाली. उन्हात पडली तर ती सुकून मरतात, म्हणून त्याच सुकतीला हे उरका. धोंडे रचून बांध घालायचा मोह नको.

मालवणकडे प्रवाळ तुटलेलं दिसलं तर ते उचलून चिकटवायला जाऊ नका. वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे, आणि इथलं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं. वन खात्याला कळवा.

एवढं करूनही तोच नांगर उद्या तिथेच पडला तर? बहुतेकदा दोर अपुरा असतो. सुकतीला 3 मीटर पाणी बघून पाचपट, म्हणजे 15 मीटर दोर सोडला. भरतीला पाणी 5 मीटर झालं की तोच तिप्पट उरतो. होडी नांगर उचलते आणि कातळावरून फरफटवते. हिशोब भरतीचा धरा, नांगर वाळूत टाका. अडकला तर इंजिनाने हिसका देऊ नका. नांगराच्या बुडाला आधीच एक बारीक दोर आणि तरंगता डबा बांधून ठेवा, म्हणजे मागून ओढून सुटतो.

खरवडलेल्या पट्ट्याला काही लावू नका. एका ठरलेल्या जागेवरून त्याचा फोटो काढा, आणि दर अमावास्येच्या सुकतीला तिथूनच पुन्हा. आधी हिरवट बुरा धरतो. कालवं नंतर.