ड्युटीवर एआय असिस्टंट वापरताय? मग एवढं सांभाळा

हॉस्पिटलने एआय असिस्टंटला परवानगी दिली की बहुतेक जण एवढंच ऐकतात की 'आता चालतं'. काय चालतं, कशासाठी चालतं हे फार कमी जण विचारतात. म्हणून आधी परवानगीचं सर्क्युलर नीट उघडून तीन गोष्टी बघा, कुठलं टूल, कुठल्या लॉगिनवरून आणि कुठल्या कामासाठी. लॉगिनमध्येच सगळ्यात जास्त गडबड होते, कारण ॲपचं नाव तेच, स्क्रीन तीच, मग घाईत असलो की मोबाइलवरच्या स्वतःच्या फ्री अकाउंटमध्ये तेच काम उरकून टाकतो. पण संस्थेच्या अकाउंटमागे करार असतो, डेटा कुठे ठेवायचा, किती दिवस ठेवायचा, एआयचं मॉडेल शिकवायला वापरायचा की नाही, हे त्यात ठरलेलं असतं. तुमच्या पर्सनल अकाउंटला त्यातलं काहीही लागू होत नाही. आणि पेशंटसाठी सोप्या भाषेत पत्रक लिहायला मंजुरी आहे म्हणजे डोस विचारायलाही आहे असं धरून चालू नका.

आता पेशंटची माहिती. 'नाव काढलं ना, मग झालं' हे मी इतक्यांदा ऐकलंय! नाही होत. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या हॉस्पिटल नोंदी नाव-पत्ता काढून संशोधनासाठी दिल्या होत्या, तर लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने त्या मतदार यादीशी जुळवून चक्क राज्याच्या गव्हर्नरच्या नोंदी ओळखून दाखवल्या. पुढे २००० साली तिने गणित मांडलं की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्यावरून साधारण ८७ टक्के अमेरिकन माणसं ओळखू येऊ शकतात. पेशंटची माहिती खासगी ठेवण्यासाठीच्या तिथल्या हिपा कायद्यात ओळख पुसण्याची जी एक पद्धत आहे, तिच्यात काढून टाकायच्या १८ प्रकारच्या गोष्टी दिल्यात, नाव त्यातली फक्त एक. ॲडमिशनची तारीख, फोन, केस पेपर नंबर, चेहऱ्याचा फोटो हे सगळं त्यात येतं.

म्हणजे 'बेड १२ वरच्या, ४ तारखेला ॲडमिट झालेल्या ७३ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका' असं लिहिण्याऐवजी 'सत्तरीतली स्त्री, हिपचं ऑपरेशन झालंय, रक्त पातळ करणारी गोळी नव्याने सुरू, घरी कशावर लक्ष ठेवायचं ते सोप्या भाषेत लिही' असं लिहा, काम तितकंच होतं. आजार अगदी दुर्मिळ असेल तर आजाराचं नावच ओळख पटवतं, तिथे जास्त जपून. स्क्रीनशॉट टाकत असाल तर चारही कोपरे बघा, एक्सरेच्या इमेजवर नाव छापलेलं असतं आणि फाइलच्या आतही असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. संस्थेने पेशंटचा डेटा टाकायला परवानगी दिलेली असली तरी कामाला लागेल तेवढाच टाका, अख्खी फाइल पेस्ट करायची सवयच लावू नका.

उत्तर तपासणं हा खरा मोठा भाग आहे, आणि कंटाळा येतो तो इथेच. एकदा माझ्यासमोर डिस्चार्ज समरीचा ड्राफ्ट आला, मूळ नोटमध्ये होतं 'ॲस्पिरिन बंद ठेवा, पुढच्या व्हिजिटला ठरवू', आणि ड्राफ्टमध्ये उरलं होतं 'ॲस्पिरिन पुढच्या व्हिजिटपर्यंत'. नुसतं वाचताना काहीच खटकलं नाही, वाक्य सरळ होतं, मूळ नोट शेजारी उघडली तेव्हा कळलं की गोळी बंदची चालू झालीय. तेव्हापासून मी नुसता ड्राफ्ट वाचतच नाही, मूळ कागद बाजूला हवाच.

बोट ठेवून बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. 'नाही', 'बंद', 'नको' हे शब्द टिकलेत का. डावं-उजवं. ॲलर्जी. युनिट, कारण मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजार पटीचा फरक आहे. इन्शुलिनच्या पुढे इंग्रजी 'यू' एकटा लिहू देऊ नका, तो शून्यासारखा दिसून ४ चे ४० झाल्याच्या चुका माहितीतल्या आहेत, 'युनिट' पूर्ण लिहायला लावा. आवाजावरून नोट बनत असेल तर हायपो (कमी) आणि हायपर (जास्त), हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिन असे जोड डोळ्यात तेल घालून बघा, यातलं पहिलं औषध खाज-ॲलर्जीचं आणि दुसरं बीपीचं. आणि न केलेलं काही घुसलंय का तेही, म्हणजे पोट तपासलंच नाही आणि नोटमध्ये 'पोट नॉर्मल' असं. सही तुमची आहे.

डोस आणि औषधांचे इंटरॅक्शन फॉर्म्युलरीत, म्हणजे औषधांच्या अधिकृत संदर्भ पुस्तकात, बघा किंवा फार्मासिस्टला विचारा. एआयने एखाद्या पेपरचा संदर्भ दिला तर तो उघडून बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका, अस्तित्वातच नसलेले पेपर तो अगदी ऐटीत सांगतो. अजून एक सवय मला फार उपयोगी वाटते, केसबद्दल विचारायची परवानगी असेल तर आधी स्वतःला काय वाटतं ते लिहून ठेवायचं आणि मगच विचारायचं. आधी त्याचं उत्तर वाचलं की आपलं डोकं तिकडेच वळतं, याला ऑटोमेशन बायस म्हणतात आणि अनुभवी माणसंही त्यातून सुटत नाहीत.

रेकॉर्डिंग करून नोट बनवणारं टूल असेल तर सुरू करायच्या आधी पेशंटला सांगा, 'आपलं बोलणं रेकॉर्ड होऊन त्याची नोट बनेल, मी ती तपासेन, नको असेल तर बंद ठेवते, उपचारात काही फरक पडणार नाही.' सोबत आलेल्या नातेवाइकांनाही, कारण त्यांचाही आवाज त्यात जातो. नाही म्हणाले तर बंद, समजूत घालत बसू नका.

आणि चुकून पेशंटची माहिती नको तिथे गेलीच तर चॅट डिलीट करून गप्प बसू नका. डिलीट केल्याने समोरच्या सर्व्हरवरून ती गेलीच असं नसतं. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात असा प्रकार कळल्यापासून ७२ तासांत संस्थेने नियामकाला कळवायचं असतं, धोका अगदीच नगण्य असेल तरच सूट, त्यामुळे तुम्ही दोन दिवस घाबरून काढले तर संस्थेच्या हातात फारसा वेळ उरत नाही. प्रायव्हसी किंवा आयटीवाल्यांना लगेच कळवा, कुठलं टूल, कुठलं लॉगिन, किती वाजता, कुठल्या प्रकारची माहिती गेली. ती माहिती मात्र त्या मेसेजमध्ये परत चिकटवू नका, आणि वॉर्डच्या ग्रुपवर तर मुळीच नाही.