जनावरांच्या तपासणी नाक्यासाठी सरकारी अनुदान मागताना या चुका टाळा

मागितले ३ कोटी ३० लाख पौंड, मिळाले ३३ हजार. डिसेंबर २०२०मध्ये इंग्लंडमधल्या डोव्हर बंदराला मंजूर झालेली ही रक्कम मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, टाइप करताना शून्यं गळली असावीत. नव्हती गळली.

ब्रिटनमधल्या अनुदान-अर्जांची आकडेमोड तपासणं हे माझं रोजचं काम. त्यात सीमेवरच्या तपासणी नाक्यांचा विषय आला की मी हमखास डोव्हर आणि पोर्ट्समथ या दोन बंदरांची उदाहरणं काढतो. दोन्ही जाहीर आहेत. दोन्हीकडचे लोक कामाचे पक्के होते, तरीही फटका बसला. अर्ज नीट भरला म्हणजे झालं, असं समजणाऱ्यांनी ती जरूर पाहावीत.

आधी पार्श्वभूमी. भारतात बाहेरून येणारी जनावरं केंद्र सरकारची पशु संगरोध केंद्रं तपासतात. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळुरू अशा सहा ठिकाणी ती आहेत. सरकारच बांधतं, सरकारच चालवतं. ब्रिटनची रीत निराळी. तिथे नाका साधारणपणे बंदराच्या मालकानं उभारायचा आणि जिवंत जनावरं तपासायला सरकारी पशुवैद्यानं यायचं. युरोपीय संघात असताना फ्रान्सहून येणाऱ्या घोड्या-मेंढ्यांसाठी असा नाका लागतच नव्हता. ब्रेक्झिट झालं, म्हणजे ब्रिटन संघातून बाहेर पडलं, आणि १ जानेवारी २०२१पासून चित्र बदललं. त्यासाठी सरकारनं सीमेवरच्या बांधकामांकरता ४७ कोटी पौंड बाजूला काढले आणि त्यातले २० कोटी बंदरांनी आपसात स्पर्धा करून मिळवायचे, असं ठरवलं. अर्ज ५३ आले, मंजूर ४१ झाले. एकूण मागणी निधीच्या दुपटीहून जास्त होती.

निधी कशासाठी आहे हे न वाचता आपली अडचण मांडणं

डोव्हरची अडचण खरी होती. तिथे फ्रेंच अधिकारी प्रवाशांचे पासपोर्ट इंग्लंडच्या बाजूलाच तपासतात. ब्रेक्झिटनंतर शिक्के मारायचे म्हणजे वेळ जास्त, म्हणून खिडक्या दुप्पट करायच्या होत्या, आणि मागणीचा मोठा भाग त्यासाठीच होता. ते पैसे या निधीतून द्यायला हवे होते की नव्हते, यावर बरंच भांडण झालं. मला डोव्हरची बाजू काही अंशी पटते. पण अर्ज लिहिणाऱ्यानं भांडणात पडू नये. निधीच्या मार्गदर्शक सूचनांत ‘पात्र खर्च’ नावाचा भाग असतो. आपल्या अंदाजपत्रकाची एकेक ओळ त्यातल्या कोणत्या वाक्यात बसते ते पेन्सिलीनं समोर लिहायचं. ज्या ओळीसमोर काही लिहिता येत नाही ती ओळ काढायची, किंवा अर्जाआधी लेखी विचारून घ्यायची. फोनवर कुणी ‘चालेल बहुधा’ म्हणालं, तर ते नाही असंच धरा.

येणाऱ्या गाड्यांचा आकडा एकच धरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पोर्ट्समथ हे तिथल्या नगर परिषदेच्या मालकीचं बंदर. त्यांनी सुमारे अडीच कोटी पौंडांचा नाका बांधला. त्यातले साधारण १ कोटी ७० लाख सरकारी अनुदानातून आले, उरलेले परिषदेनं घातले. आकारमान, दरवाजे, खोल्या सगळं सरकारी खात्यानं दिलेल्या निकषांनुसार. दिवसाला ८० गाड्या तपासता येतील एवढी क्षमता. इमारत उभी राहिली.

मग तारखा घसरायला लागल्या. तपासण्या २०२१मध्ये सुरू व्हायच्या होत्या, त्या पुढे गेल्या, पुन्हा पुढे गेल्या. एप्रिल २०२२मध्ये सरकारनं जाहीर केलं की या वर्षी नवीन तपासण्याच नाहीत. ऑगस्ट २०२३मध्ये नवी पद्धत आली: सरसकट तपासण्याऐवजी माल जास्त, मध्यम आणि कमी जोखमीचा अशा तीन गटांत वाटायचा. मालाची प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ला सुरू झाली तेव्हा पोर्ट्समथचा अंदाज ८०वरून दिवसाला चार-पाच गाड्यांवर आला होता. इमारत चालवायचा खर्च मात्र वर्षाला सुमारे ८ लाख पौंड. गाडी येवो न येवो, शीतगृहाचं यंत्र, विजेचं बिल आणि माणसांचे पगार काही थांबत नाहीत.

जिवंत जनावरांचं तर आणखी विचित्र. ती जास्त जोखमीच्या गटात, तरी युरोपीय संघातून येणाऱ्या जनावरांची तपासणी सीमेवर न होता ती पोचतात त्या गोठ्यावर, तबेल्यावरच होत राहिली, कारण जनावरांसाठीचे नाके तयार नव्हते. मे २०२५मध्ये लंडनच्या शिखर बैठकीत पशू आणि वनस्पतींच्या आरोग्यनियमांवर करार करायचं ठरलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारनं जिवंत जनावरांच्या सीमेवरच्या तपासण्या सुरू करणंच स्थगित केलं. म्हणजे ज्या कामासाठी गोठे बांधायचे, ते कामच अधांतरी.

पोर्ट्समथनं चूक केली, असं मला म्हणायचं नाही. त्यांनी सांगितलं तसं बांधलं. पण पुढच्या अर्जदारानं यातून घ्यायचं ते हे: अशा नाक्याकडे येणारी रहदारी बाजार ठरवत नाही, कायदा ठरवतो, आणि कायदा एका पत्रकानं बदलतो. रोगही ठरवतो. जानेवारी २०२५मध्ये जर्मनीत ब्रांडेनबुर्ग इथल्या पाणम्हशींना लाळ्या-खुरकूत झाला, १९८८नंतर पहिल्यांदाच, आणि ब्रिटननं लगेच जर्मनीतून गुरं, डुकरं, मेंढ्या आणणं बंद केलं. त्या मार्गावर विसंबून कुणी आकडे मांडले असते, तर ते एका दिवसात शून्य झाले असते.

तेव्हा अंदाज तीन मांडा. आजचा नियम तसाच राहिला तर किती गाड्या, तपासणीचं प्रमाण घटलं तर किती, आणि तपासणी रद्दच झाली तर इमारतीचं काय. तिसरं उत्तर लिहायला अर्जदार कचरतात, त्यांना वाटतं परीक्षक घाबरेल. माझा अनुभव उलटा आहे. ज्या अर्जात तिसरं उत्तर असतं त्यातले पहिले दोन आकडे परीक्षक जास्त विश्वासानं वाचतो. आराखडाही त्याच हिशेबानं करा: आधी दोन मार्गिका, पायाभरणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या चारसाठी, बाकीचं छप्पर दुसऱ्या टप्प्यात.

मागणीचा पुरावा जोडतानाही एक गोष्ट सुटते. प्रवासाला दोन टोकं असतात. ब्रिटनमधून युरोपात पैदाशीसाठी जाणारी गुरं-मेंढ्यांची वाहतूक २०२१पासून अडली, कारण पलीकडच्या किनाऱ्यावर ती उतरवून घेणारा नाकाच नव्हता. शेतकरी संघटना वर्षानुवर्षं त्यासाठी भांडत राहिल्या. आपल्या बाजूला कितीही देखणा गोठा बांधला, तरी समोरच्या टोकाला दार नसेल तर गाडी निघणारच नाही. म्हणून वाहतूकदाराचं पत्र जोडताना समोरच्या बंदराची सद्यस्थितीही जोडा.

वास्तुविशारदानं काढलेला नकाशा पशुवैद्याला न दाखवणं

एका अर्जात (ठिकाण सांगत नाही) मी असा नकाशा पाहिला की विलगीकरणाच्या गोठ्यात जायला निरोगी जनावरांच्या गोठ्यातूनच वाट होती. कागदावर छान दिसत होतं, जागाही वाचत होती. ज्या मेंढीला रोगाचा संशय म्हणून वेगळं काढायचं, तिलाच सगळ्यांमधून मिरवत न्यायचं! तो अर्ज तांत्रिक छाननीतच बाद झाला.

हे नाके कशासाठी असतात ते विसरलं की असं होतं. २००१मध्ये लाळ्या-खुरकुतानं ब्रिटनमध्ये ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. नकाशा वाचणाऱ्या पशुवैद्याच्या मनात ते वर्ष असतं. तो खोल्यांची संख्या मोजत नाही, तो जाण्या-येण्याचा मार्ग तपासतो: गाडी कुठून आत येते, जनावर कुठे उतरतं, शेण-मूत कुठे जातं, रिकामी गाडी कुठे धुतली जाते, ते पाणी कुठे मुरतं.

आराखड्यात हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी सांगतो. जनावरं गाडीतून उतरवायच्या रॅम्पचा उतार फार तीव्र ठेवला तर डुकरं अडून बसतात, आणि दोन मजली ट्रकचा वरचा मजला कसा रिकामा करायचा हे तर कुणी विचारातच घेत नाही. फरशी धुता येईल अशी हवी आणि निसरडीही नको. हे दोन्ही एकत्र साधायला पैसे लागतात, साध्या गुळगुळीत काँक्रीटच्या दरात ते होत नाही. घोडे आणि दुभंगलेल्या खुरांची जनावरं एका कठड्यात चालत नाहीत. उजेड असा हवा की पशुवैद्याला जिभेवरचा फोड दिसेल. चारा-पाणी, कपडे बदलायची खोली, नमुने ठेवायचा फ्रीज. आणि रात्री अडीचला बोट लागली, कागदपत्रात खोट निघाली, तर ती चाळीस जनावरं सकाळपर्यंत कुठे उभी राहणार?

नकाशा नक्की करण्याआधी एक पशुवैद्य आणि एक जनावरांचा ट्रक चालवणारा ड्रायव्हर, दोघांना टेबलाशी बसवा. ड्रायव्हरचं मानधन हा त्या प्रकल्पातला सगळ्यात स्वस्त सल्ला ठरतो. कोपरा वळेल की नाही, हे तो नकाशा उलटा धरूनही सांगतो.

अनुदान मिळालं म्हणजे नाक्याला मान्यता मिळाली, असं धरून चालणं

पैसे देणारं खातं वेगळं, नाका अधिकृत म्हणून घोषित करायची प्रक्रिया वेगळी. बांधून झाल्यावर तपासणी पथक येतं आणि ‘हा उतार बदला’ म्हणतं, तेव्हा अनुदानाची शेवटची तारीख उलटून गेलेली असते. म्हणून अर्जासोबतच मान्यतेचं वेळापत्रक जोडा आणि मधल्या टप्प्यावर, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या झाकायच्या आधी, एक पाहणी मागून घ्या. काँक्रीट फोडून गटार हलवणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

भिंतींचे पैसे मागून माणसांचे विसरणं

बहुतेक अशी अनुदानं फक्त बांधकाम आणि यंत्रांसाठी असतात. पगार, वीज, सफाई त्यात नाही. अर्जात मात्र चालवण्याचा खर्च कुठून येणार हे विचारलेलं असतं, आणि तिथे ‘शुल्कातून’ एवढा एकच शब्द लिहिलेला सापडतो. किती शुल्क? शेजारच्या बंदरात किती? सरकारी नाक्याचा दर तुमच्यापेक्षा कमी असेल तर गाड्या तिकडे जातील, हे धरलंय का? डोव्हरच्या मालाची तपासणी सुमारे ३५ किलोमीटर आत, सेव्हिंग्टनच्या सरकारी केंद्रात होते. तिथलं शुल्क सरकार ठरवतं. त्याच्याशी तुमचा दर ताडून पाहिला नसेल तर तो आकडा हवेतला आहे.

किरकोळ वाटणाऱ्या पण अर्ज पाडणाऱ्या बाबी पटापट सांगतो. मंजुरीपत्र येण्याआधी काम सुरू केलं तर तो खर्च सहसा धरत नाहीत. रक्कम आधी मिळत नाही, खर्च करून पावत्या दाखवल्यावर मिळते. मधल्या काळाची उसनवारी अंदाजपत्रकात हवी. व्हॅट परत मिळणार की नाही ते हिशेबनिसाला विचारून लिहा. आणि ब्रिटनचा २०२२चा अनुदान नियंत्रण कायदा खाजगी बंदरांनाही लागू पडतो, तो परिच्छेद रिकामा सोडू नका.

कमी पैसे मिळाले किंवा नियम बदलले तर

२०२०च्या निधीत पात्र ठरलेल्यांनाही साधारण दोन-तृतीयांशच हातात आले. असं झालं की पहिली कात्री चुकीच्या जागी लागते: सांडपाणी, विलगीकरण, गाडी धुण्याची जागा. हे दिसत नाही म्हणून कापलं जातं, आणि मान्यता नेमकी त्यावरच अडते. कापायचंच असेल तर मार्गिकांची संख्या कापा, कार्यालयाचा मजला कापा.

इमारत उभी राहिली आणि काम आलंच नाही, तर ती गोदाम म्हणून भाड्यानं द्यायचा मोह होतो. त्याआधी मंजुरीपत्रातलं वसुलीचं कलम वाचा. वापर बदलल्यास पैसे परत मागण्याचा हक्क सरकार बहुधा राखून ठेवतं आणि त्याला वर्षांची मुदत असते. आधी पत्र लिहा, नियम कोणत्या तारखेला कुणी बदलला ते त्यात नोंदवा, तात्पुरत्या वापराची परवानगी मागा आणि उत्तर लेखी आल्याशिवाय भाडेकरूला किल्ली देऊ नका.